फुंकणाऱ्यांचे प्रश्न: कोकणात ट्रम्पेट-सॅक्सोफोन वाजवणं, शिकवणं आणि त्यावर जगणं

मी वेंगुर्ल्याचा. सुरुवात ट्रम्पेटवर झाली, मग टेनर सॅक्सोफोन आला आणि पोटासाठी क्लॅरिनेट. लग्नं, फेस्त (चर्चचा सण), गणपती, हॉटेलातला बँड हे सगळं वाजवून झालं, आता शिकवण्यात जास्त वेळ जातो. वसईपासून सावंतवाडीपर्यंतचे पालक, बँडवाले, नोकरी सांभाळून शिकणारे हौशी लोक फोनवर तेच तेच प्रश्न विचारतात. एकदाच नीट लिहून ठेवतो. एका उत्तरात दुसऱ्याचा संदर्भ असेल तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तुम्ही ‘हॉर्न’ म्हणता ते नेमकं कुठलं वाद्य?

आपल्याकडे हॉर्न म्हटलं की घाटातल्या वळणावरची एसटी आठवते. वादकांच्या बोलण्यात, त्यातही जॅझवाल्यांच्या, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन अशी फुंकून वाजवायची वाद्यं सरसकट हॉर्न होतात. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रात मात्र हॉर्न म्हणजे फ्रेंच हॉर्न. त्याची साडेतीन मीटरहून लांब नळी गोल गुंडाळलेली असते आणि वादकाचा उजवा हात भोंग्यात असतो. ते वाद्य शिकायचं असेल तर मी कामाचा नाही.

कोकणातला मूळचा हॉर्न म्हणजे पालखीपुढे वाजतं ते शिंग. त्याला भोकं नाहीत, चाव्या नाहीत; ओठ आवळून-सैल सोडून सूर बदलायचा. ट्रम्पेटचं मूळ तत्त्वही हेच, वर तीन पिस्टन बसवलेत इतकंच. ज्याच्या घरात शिंग वाजतं त्याला ट्रम्पेटचा पहिला महिना फुकट मिळतो.

२. सॅक्सोफोन पितळेचा आहे, तरी त्याला ब्रास का म्हणत नाहीत?

कारण आवाज पितळ काढत नाही, पत्ती काढते. ट्रम्पेटमध्ये वादकाचे ओठ थरथरतात, सॅक्सोफोनमध्ये बोरूसारख्या गवताची पत्ती. अडॉल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं तेव्हापासून त्याची गणना क्लॅरिनेटच्या घरात होते. आंब्याची रुजलेली बाठ दगडावर घासून तुम्ही पिपाणी केली असेल, तर पत्ती म्हणजे काय ते तुम्हाला मे महिन्यातच कळलेलं आहे.

३. मुलगी नऊ वर्षांची आहे. आत्ता सुरू करू का?

पुढचे पक्के दात आले आहेत का, ते आधी बघा. ट्रम्पेटचं मुखपीठ, म्हणजे ओठांना लावायचा भाग, दातांवर टेकतं आणि दुधाचे दात हलत असताना बसवलेली ओठांची सवय पुढे मोडावी लागते. दहा-अकराव्या वर्षी सुरुवात झाली तरी काही बिघडत नाही. दरम्यान तिला गायला शिकवा, पेटीवर सा ओळखायला शिकवा. सॅक्सोफोन हवा असेल तर ऑल्टोपासून, कारण टेनरचं वजन लहान मानेला झेपत नाही.

आणि हो, ‘मुलीला जमेल का’ हा प्रश्न वेगळा घेतलेला नाही. फुप्फुसाला ते माहीत नसतं.

४. माझं वय पंचेचाळीस. उशीर झाला का?

नोकरी म्हणून करायचं असेल तर हो. आनंदासाठी असेल तर रोज वीस मिनिटं द्या. रविवारी एकदम तीन तास फुंकून सोमवारी ओठ सुजवून घेण्याचा प्रकार मोठ्या माणसांतच जास्त दिसतो.

५. पहिलं वाद्य कुठलं घ्यावं? नवं की जुनं?

बँडच्या वाद्यांचं आपल्या देशातलं मोठं केंद्र म्हणजे मेरठची जली कोठी. बहुतेक बँडवाल्यांकडे तिथलाच माल असतो. मिरवणुकीसाठी तो ठीक, पण शिकण्यासाठी घेताना कुणा जाणत्याला सोबत न्या. पिस्टन सहज खाली-वर होतात का, पेटीशी सूर जुळतो का, हे दोनच बघायचं. चकाकी बघू नका. चांगल्या कंपनीचं जुनं वाद्य हलक्या नव्यापेक्षा नेहमी बरं.

ट्रम्पेटला मुखपीठ ७सी घ्या, सुरुवातीला सगळीकडे तेच देतात. सॅक्सोफोनला दीड किंवा दोन नंबरची पत्ती; नंबर वाढला की पत्ती कडक होते. ‘साहेब, मी डायरेक्ट तीन नंबर वापरतो’ असं अभिमानाने सांगणाऱ्या मुलांचा आवाज सायकलच्या पंपासारखा येतो.

६. पेटीवाला काळी एक म्हणतो, मी काय वाजवू?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि इथेच बहुतेकांचं पहिलं स्टेज फसतं.

काळी एक म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरायची. पण आपली वाद्यं पेटीसारखी सरळ नाहीत. ट्रम्पेटवर पिस्टन न दाबता तुम्ही ज्याला ‘सी’ म्हणता तो पेटीवरचा काळी पाच असतो, म्हणजे पाश्चात्त्य भाषेत बी फ्लॅट. क्लॅरिनेट आणि टेनर सॅक्सोफोनचंही तेच. ऑल्टोचा ‘सी’ म्हणजे पेटीची काळी दोन.

त्यामुळे हिशोब असा. पेटीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या एकत्र मोजायच्या. ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि टेनरवाल्याने पेटीच्या सा पासून दोन पट्ट्या वर जायचं. ऑल्टोवाल्याने तीन पट्ट्या खाली यायचं. पेटी पांढरी एकमध्ये असेल तर ट्रम्पेटवर तुमचा सा ‘डी’ होतो आणि ऑल्टोवर ‘ए’. पेटी पांढरी दोन असेल तर ट्रम्पेटवर ‘ई’, ऑल्टोवर ‘बी’. काळी एकला ट्रम्पेटवर ‘ई फ्लॅट’, ऑल्टोवर ‘बी फ्लॅट’. वहीच्या मागच्या पानावर बारा ओळींचा तक्ता स्वतःच्या हाताने काढा. माझ्याकडून छापील मागू नका. काढल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

एक गंमत सांगतो. लग्नात गायिका आयत्या वेळी ‘जरा अर्धा खाली घ्या’ म्हणते, कीबोर्डवाला एक बटण दाबून मोकळा होतो आणि तुमच्या बोटांची सगळी वाट बदलते. म्हणून बाराही पट्ट्यांत साधी सरगम रोज. यात कलेचं काही नाही, हा पहारा आहे.

७. ट्रम्पेटवर किंवा सॅक्सोफोनवर राग खरंच वाजतो का?

वाजतो. याच किनाऱ्यावर खाली मंगळूरच्या बाजूला कद्री गोपालनाथांनी ते आयुष्यभर करून दाखवलं. नागस्वरम (दक्षिणेतली लांब सनई) वाजवणाऱ्याच्या घरातला मुलगा म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकतो आणि तेच वाद्य कर्नाटक संगीतात रुजवायला घेतो. १९९४ मध्ये ते लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात वाजवून आले, २००४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ मध्ये ते गेले. आज त्या भागातल्या देवळांत आणि लग्नांत नागस्वरमच्या जागी सॅक्सोफोन ऐकू येतो, कुणाला परका वाटत नाही.

पण अडचणी आहेत, आणि त्या नेमक्या कुठे आहेत ते माहीत असावं.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं: सॅक्सोफोनवर जबडा किंचित सैल सोडून आणि चाव्या हळूहळू उघडून ती येते. ट्रम्पेटवर पिस्टन अर्धा दाबून येते, पण आवाज घुसमटतो. ट्रॉम्बोनची नळीच सरकती, मींडेसाठी त्याच्यासारखं वाद्य नाही. आपल्याकडे त्याला कुणी हात लावत नाही, हे दुर्दैव.

सूर: ट्रम्पेटचा पिस्टन दाबला की हवेच्या वाटेत जास्तीची नळी जोडली जाते. मधला पिस्टन अर्धा स्वर खाली नेतो, पहिला एक पूर्ण स्वर, तिसरा दीड. दोन पिस्टन एकत्र दाबले की नळी थोडी अपुरी पडते आणि सूर चढतो. पहिला आणि तिसरा एकत्र दाबल्यावर तर तो चांगलाच चढतो. आता प्रश्न ६ मधला हिशोब आठवा. पांढरी एकला तुमचा सा ‘डी’, आणि खालचा ‘डी’ नेमका याच जोडीने निघतो. म्हणजे तुमचा मध्य सा चढा. वरचा ‘डी’ नुसत्या पहिल्या पिस्टनवर निघतो आणि तो पेटीपेक्षा किंचित उतरता असतो. म्हणजे तार सा उतरलेला. एकाच रागात दोन सा दोन दिशांना पळतात! तिसऱ्या पिस्टनच्या नळीला जी कडी असते ती यासाठीच; खालच्या ‘डी’ला ती बोटाने पुढे ढकलायची. पुष्कळ बँडवाल्यांची ती कडी वर्षानुवर्षं गंजून चिकटलेली असते.

उलट फायदाही आहे. काळी पाचला वाजवत असाल तर मोकळ्या नळीचा ‘ई’ हा तुमचा शुद्ध गंधार, आणि तो निसर्गतः पेटीच्या गंधाराहून थोडा खालचा येतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटतो तोच हा गंधार. तंबोऱ्यासोबत भूप वाजवला तर असा मिसळतो की वादक स्वतः दचकतो. पेटी सोबत असेल तर मात्र तोच गंधार खटकतो. चूक तुमचीही नाही, पेटीचीही नाही. कुणाबरोबर वाजवताय त्याप्रमाणे ओठ हलवायचे.

८. मी सनई वाजवतो. सॅक्सोफोन सोपा जाईल की क्लॅरिनेट?

सॅक्सोफोन, आणि त्यातही सोप्रानो, म्हणजे वरच्या सुरांचा लहान सॅक्सोफोन. सनई खालच्या अंगाला रुंद होत जाते, सॅक्सोफोनही तसाच. दोन्हींत जोर वाढवला की तोच सूर वरच्या सप्तकात जातो. क्लॅरिनेटची नळी वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीची आहे, तिथे मागची चावी दाबली की सप्तक ओलांडून थेट वरचा पंचम येतो. म्हणजे खालच्या सप्तकात ज्या बोटांनी सा, त्याच बोटांनी वर पंचम. सनईवाल्याची बोटं इथे हमखास चकतात.

तुमच्याकडे एक ठेवा आहे तो सोडू नका: गालात हवा साठवून ती ढकलत असतानाच नाकाने श्वास घेणं. शहरातली मुलं त्यासाठी ग्लासातल्या पाण्यात स्ट्रॉ घालून महिनोन्महिने बुडबुडे काढतात. घडशी, म्हणजे पिढीजात वाजंत्र्यांच्या, घरांतल्या मुलांना ते पाळण्यात असल्यासारखं येतं. वाजंत्र्यांना आपण पंगतीत मागे बसवलं आणि त्यांची विद्या मात्र पुढे लागते, हे एकदा लिहायचंच होतं.

९. हरहुन्नरी व्हायचं तर किती वाद्यं यायला हवीत?

एक नीट आणि दुसरं कामापुरतं. तिसरं आलं तर बक्षीस.

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा मनोहारी सिंग असतात. सॅक्सोफोन आणि बासरी दोन्ही हातात, वर हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदाची रचना. किंवा मडगावचे ख्रिस पेरी, जे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवत आणि कोंकणी गाण्यांना चालीही देत. पण या माणसांचं मोठेपण वाद्यांच्या संख्येत नव्हतं. पुढचा माणूस काय वाजवतोय ते त्यांना ऐकू येत होतं. हॉटेलात मी अशा वादकांबरोबर वाजवलंय ज्यांच्याकडे पाच केस आणि पाचही वाद्यांवर एकच तान.

व्यवहाराचं सांगायचं तर सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट ही जोडी जमते, ट्रम्पेट आणि फ्लुगलहॉर्न (ट्रम्पेटचाच मऊ आवाजाचा भाऊ) जमते. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन या जोडीत ओठांचं काम उलटसुलट होतं. मी ते केलं, पण एका कार्यक्रमात दोन्ही घेतले तर ट्रम्पेट आधी वाजवतो. नंतर ओठ ऐकत नाहीत.

१०. स्टाफ नोटेशन शिकू की सरगम पुरे?

कुठे वाजवणार त्यावर. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून पोरांना सोल्फेज (सुरांची नावं घेत गाणं) आणि वाचन पक्कं शिकवत. त्या बळावर गोव्याचे वादक मुंबईत पोलीस बँडपासून सिनेमाच्या स्टुडिओपर्यंत पोचले. हळदोण्याचा चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवता वाजवता संगीतकार सी. रामचंद्रांचा साहाय्यक झाला. चाल ऐकून ती कागदावर उतरवणारा माणूस तेव्हा स्टुडिओला सोन्यासारखा होता.

आज फेस्ताला, चर्चमध्ये, सरकारी बँडमध्ये (प्रश्न १७) वाचन लागतंच. लग्नाच्या बँडमध्ये आणि ऑर्केस्ट्रात कानावर भागतं. माझे विद्यार्थी दोन्ही लिहितात, वर सरगम, खाली रेघा. सहा महिन्यांनी वरची ओळ आपोआप गळते.

११. उपज शिकवता येते का? माझा मुलगा चाल तंतोतंत वाजवतो, पण ‘तुझं काहीतरी वाजव’ म्हटलं की गप्प होतो.

उपज म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवणं. ती शिकवता येते, पण ‘तुझं काहीतरी वाजव’ असं म्हणून नाही. हे म्हणजे पोहता न येणाऱ्याला तारकर्लीच्या समुद्रात ढकलून ‘तुझी स्टाइल दाखव’ म्हणणं.

अमेरिकेतले क्लार्क टेरी हे ट्रम्पेट आणि फ्लुगलहॉर्नचे वादक. गरिबीत वाढले, पहिला ट्रम्पेट बागेतली रबरी नळी आणि नरसाळं जोडून केलेला. पपईच्या देठाची पिपाणी करणाऱ्या आपल्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. पुढे काउंट बेसी आणि ड्यूक एलिंग्टन या दोघांच्याही बँडमध्ये वाजवलं, आणि २०१५ मध्ये जाईपर्यंत शिकवत राहिले. पुढे मोठा संगीतकार झालेला क्विन्सी जोन्स कोवळ्या वयात त्यांच्याकडे शिकला. त्यांची शिकवण तीन पायऱ्यांची: आधी नक्कल, मग ती पचवणं, मग नवं. आपल्या तालमीची रीत याहून वेगळी नाही. बंदिश गळ्यात बसेपर्यंत गुरू आलाप करू देत नाही.

मी असं घेतो. आरतीची एक साधी चाल, केरवा, दोन आवर्तनं जशीच्या तशी. पुढची दोन आवर्तनं वाजवायचंच नाही, नुसतं मनात ऐकायचं आणि समेवर बरोबर उचलायचं. पहिले पंधरा दिवस फक्त एवढंच. मुलं कंटाळतात, पालक फोन करतात. मग सूर तेच ठेवून वेळ बदलायची, एखादा सूर उशिरा घ्यायचा, एखादा आधी. मग फक्त तीन सुरांत, समजा ग प ध मध्ये, दोन आवर्तनं भरायची. चौथा सूर मागितला तरी द्यायचा नाही. तीन सुरांत माणूस अडतो तेव्हा लय वापरायला लागतो, आणि उपज तिथून सुरू होते.

रागातली बढत आणि जॅझमधली उपज एकच का, असंही विचारतात. सा स्थिर आणि तुम्ही फिरताय, ही आपली रीत. जॅझमध्ये खालची जमीनही फिरते, दर एक-दोन मापांनी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ, बदलतो. तीन कॉर्डांवर बारा मापांचं ब्लूजचं आवर्तन घेऊन बसलात की फरक तासाभरात कळतो. आपल्या मुलांना त्यात एक फायदा असतो, सम चुकत नाही. आणि एक खोड असते: एकाच सा ला चिकटून राहतात, कॉर्ड पुढे निघून जातो.

मी विशीत होतो तेव्हा एका हॉटेलात मला पहिला सोलो मिळाला. मी श्वास न घेता चार मिनिटं फुंकलं. खाली आल्यावर म्हातारा ड्रमर म्हणाला, “सगळे सूर आजच संपवलंस? उद्या काय वाजवतलंस?” पुढच्या रात्री मी अर्धे वाजवले. तिसऱ्या रात्री तो माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसला.

१२. डबलबारीत किंवा नमनात ट्रम्पेट घेऊन गेलो तर चालेल?

बोलावलं असेल तर. डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना. त्यात बुवा, पेटी, पखवाज, झांज यांचं गणित आधीच भरलेलं असतं आणि बुवांच्या शब्दावर अख्खी बारी उभी असते. शब्द झाकला गेला की लोक तुम्हाला माफ करत नाहीत, आणि करूही नयेत. गजर संपून पुढचा अभंग सुरू होण्याआधीच्या फटीत चार सूर, बस. नमन या लोकनाट्यात मृदंग-झांजांसोबत हल्ली कीबोर्डही दिसतो, तिथे गणेशाच्या किंवा राजाच्या प्रवेशाला ट्रम्पेट शोभतो. संवाद चालू असताना वाद्य मांडीवर ठेवा.

१३. वाडीत रियाज कसा करू? शेजारी भांडतात.

भोंग्यात अडकवायचा म्यूट मिळतो, त्याने आवाज खूप कमी होतो, पण रोज त्यावरच वाजवलं तर श्वास खोटा घडतो. सॅक्सोफोनला म्यूटचा उपयोग नाही, आवाज सगळ्या भोकांतून येतो. मी भल्या सकाळी ओहोटीच्या वेळी समुद्रावर जातो, पाठ वाऱ्याकडे करून. रापण ओढणारे सुरुवातीला विचारत, “कित्याक बोंबलतंस रे?” आता ते गाणं सांगतात. (खाऱ्या हवेचं काय, ते पुढच्या प्रश्नात.)

१४. खारी हवा आणि पावसाळा: वाद्य टिकवायचं कसं?

ट्रम्पेट: वाजवून झालं की पाण्याची चावी उघडून थुंकी आणि वाफेचं पाणी काढा, समुद्रावरून आलात तर बाहेरून ओल्या फडक्याने मीठ पुसा आणि कोरडं करा. महिन्यातून एकदा कोमट पाण्याने आतून धुवा. पिस्टनला पिस्टनचंच तेल. खोबरेल थंडीत गोठतं आणि पिस्टन अडकतो; हा सल्ला देणारे काका प्रत्येक गावात असतात. पितळेवर आतून बाहेर येणारे तांबडे ठिपके दिसले तर ते बाहेरच्या गंजाचे नाहीत. पितळेतलं जस्त झडायला लागलंय. पॉलिशने ते जात नाहीत.

सॅक्सोफोन: पाणी अजिबात नको. चाव्यांखालच्या चामड्याच्या गाद्या आषाढात ओल धरून फुगतात आणि खालचे सूर बंद पडतात. आतून फडकं ओढा, चाव्यांखाली टिपकागद दाबा, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. तांदूळ नको, भुसा आत जातो. पत्त्या डबीत ओल्या ठेवल्या तर चार दिवसांत बुरशी येते, आणि ती तुम्ही तोंडात घालणार आहात.

गणपतीच्या मिरवणुकीत पाऊस आला तर ट्रम्पेट वाजवत राहा. सॅक्सोफोन छत्रीखाली किंवा सरळ केसमध्ये.

१५. ओठ दुखतात, गाल फुगतात, दमा आहे, दाताला तार लावली आहे. काय करू?

ओठ दुखले की थांबा. वरचे सूर दाबून काढण्याच्या सवयीने लुई आर्मस्ट्राँगसारख्या थोर जॅझ ट्रम्पेटवाल्याचेही ओठ जखमी झाले होते. तसाच दुसरा ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी, त्याचे गाल बेडकासारखे फुगत, तरी तो डिझी होता. तुम्ही ओठांच्या कडा आवळूनच वाजवा. दाताला तार असेल तर तारेवर मेण लावून ट्रम्पेट थोडा वेळ वाजवता येतो, सॅक्सोफोन जास्त सुसह्य. दम्याचं डॉक्टरांना विचारा, मला नाही. आणि ढोल-ताशांच्या शेजारी तासन्‌तास उभे राहत असाल तर कानात बोळे घाला. या धंद्यात ओठांआधी कान जातात.

१६. यावर पोट भरतं का?

एका कामावर नाही. आमचं वर्ष असं जातं. भाद्रपदात गणपती, तेव्हा बँड आणि बेंजो पार्टीवाले दोघंही विचारतात. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, ती मधले खाडे सोडून जूनच्या तोंडापर्यंत. त्याच वेळी गोव्यातली हॉटेलं भरलेली असतात, डिसेंबरात नाताळ, वसईकडे ख्रिस्ती लग्नं आणि सण. पावसाळ्याचे महिने कोरडे. ते शिकवणीने भरून काढायचे, नाहीतर आंबा-काजूच्या पैशांवर.

म्हणून मी सांगतो, दुसरं वाद्य शिकण्याआधी दुसरा प्रकार शिका. लग्नाचा बँड, हॉटेलचा बँड आणि चर्चचं वाचन या तिन्हींत उभा राहू शकणारा माणूस वर्षभर मोकळा बसत नाही.

१७. सरकारी नोकरी मिळते का?

हो. भारतीय नौदल अग्निवीर योजनेतून संगीतकारांची भरती करतं आणि त्यांचं प्रशिक्षण मुंबईत कुलाब्याला, आयएनएस कुंजाली इथे होतं. लष्कराच्या बँडवाल्यांचं शिक्षण मध्य प्रदेशात पचमढीला. महाराष्ट्र पोलीस भरतीत बँड्समनच्या जागा निघतात. तिन्हीकडे वादनाबरोबर शारीरिक चाचणीही असते. सूर उत्तम आणि धावण्यात नापास, असे दोन विद्यार्थी मी पाहिले. वयाच्या आणि शिक्षणाच्या अटी त्या त्या जाहिरातीतच वाचा.

१८. मला शिकवायला सुरुवात करायची आहे. ऑनलाइन चालेल?

ऑनलाइन सूर तपासता येतो, एकत्र वाजवता येत नाही. आवाज पोचायला उशीर होतो, समेवर दोघं कधीच भेटत नाहीत. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने ऐकायचं. विद्यार्थ्याने रेकॉर्ड करून पाठवलेलं तर मला जास्त उपयोगी पडतं, शिवाय पावसात रेंज गेली तरी अडत नाही.

परीक्षा हव्या असणाऱ्यांसाठी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या आठ ग्रेड आहेत. पालकांना कागद आवडतो. पण पाचवी ग्रेड झालेल्या मुलाला पेटीशेजारी बसवून प्रश्न ६ विचारा.

फी महिन्याच्या सुरुवातीला घ्या. मासे आणि नारळ वेगळे.

१९. लग्नात सिनेमाची गाणी वाजवायला परवाना लागतो का?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात धार्मिक विधीतल्या वादनाला सूट आहे, आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले समारंभ त्यात धरलेले आहेत. म्हणून वरातीला परवाना नको. हॉटेलातला रोजचा बँड किंवा तिकीट लावलेला कार्यक्रम या सुटीत येत नाही. तिथे परवाना आयोजकाने काढायचा असतो. तो काढलाय का, हे उचल घेण्याआधी विचारा.

२०. बिनमाइकचा ट्रम्पेट रात्री दहानंतर चालतो ना?

नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ बंदी फक्त लाउडस्पीकरला नाही, वाद्यांनाही आहे. बंदिस्त सभागृहाचा अपवाद. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. नवऱ्याचा मामा ‘मी बघतो पोलिसांचं’ म्हणतो, त्याच्यावर विसंबून एकदा मी वाद्यासकट चौकीत बसलो आहे. मामा जेवायला गेले होते.

२१. अंत्ययात्रेला वाजवायला बोलावलं तर जावं का? काय वाजवू?

गोव्यात आणि आपल्याकडच्या ख्रिस्ती वाड्यांत मयताला बँडची रीत आहे, त्यामुळे हे बोलावणं येतंच. जावं. घरच्यांना किंवा पाद्रींना आधी विचारा काय चालेल, आणि तेवढंच वाजवा. उपजेला तिथे जागा नाही. सूर सरळ, कंप नको, वरचं सप्तक नको. चालता चालता वाजवायचं असतं आणि लोक हळू चालतात, त्यामुळे श्वास नेहमीपेक्षा लवकर संपतो. ओळी वाटून घ्या, दोघांनी आलटून पालटून. मी पैसे घेत नाही, पण तरुण वादकांनी संकोच करू नये, तेही कामच आहे. पाण्याची चावी दारात किंवा शवपेटीजवळ उघडू नका, रस्त्याच्या कडेला जाऊन उघडा.